क्यूची पाटी

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून
असं म्हणणाऱ्यांनी कधी गाडी नोंदवली नव्हती.

केटरिंगच्या आमच्या गॅरेजात
चार हिवाळे ती होत राहिली.
इंजिन एका माझदाचं, जिला कॉर्बीच्या वळणावर
दुधाच्या टँकरनं मागून चेपलं.
गिअरबॉक्स सिएराचा. वेलिंगबरोच्या बाईनं
पंचवीस पौंडांना दिला, वर चहा पाजला,
म्हणाली, आमच्या ह्यांचा जीव होता हिच्यात.
सीटा भंगारातल्या. एकीच्या फटीत
कुणाचं तरी लायब्ररीचं कार्ड निघालं,
ते अजून माझ्या पाकिटात आहे.

जिचे भाग काढतात तिला इथे डोनर म्हणतात.
शालन म्हणाली, दाता म्हण की सरळ.
मग थोड्या वेळानं स्वतःच,
नको, दाता आपणहून देतो.

फॉर्म आला. मेक, मॉडेल, उत्पादनाचं वर्ष.
सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारावं तसं :
कूळ कोणतं, मूळ कोणतं, मामाचं गाव कोणतं.
मी पावत्या जोडल्या, फोटो जोडले.
एका फोटोत मी नुसताच पाना धरून उभा
आणि मागे शालन, कानटोपीत,
तोंडातून वाफ निघतेय, बहुतेक मला रागावतेय.

तपासणीला ग्लेनिस प्रोथरो नावाची बाई.
तिच्या हातात एक चेंडू.
गाडीच्या अंगाखांद्यावरून तो फिरवत गेली,
जिथे टेकेल तिथे धार नको.
आरशाच्या बोल्टाला धार होती.
आणि वळून झाल्यावर हात सैल सोडले
की स्टिअरिंग आपलं आपण सरळ यायला हवं,
ते येत नव्हतं.
नापास. तिनं कागदावर सही केली
आणि हळूच विचारलं, रंग कुणी निवडला? छान आहे.

सहा आठवडे चाकांचे कोन जुळवण्यात गेले.
दुसऱ्या खेपेला पास.

मग स्वान्सीहून पत्र :
भाग अनेक वाहनांचे, वय ठरवता येत नाही,
सबब क्रमांक क्यू अक्षराने सुरू होईल.
सोबत सतरा आकडे-अक्षरं, चॅसीवर ठोकायला.
हातोडीनं एकेक ठोकलं. आठ जरा तिरका बसला,
गोंदताना पोरीनं हात हलवावा तसा.

शेजारचा कॉलिन हळहळला.
क्यू म्हणजे किंमत गेली, लिंबाजी. बेवारशी अक्षर ते.

मला हसूच आलं.
औशाजवळच्या आमच्या शाळेत गुरुजींनी
अकरा पोरं ओसरीवर ओळीनं बसवली
आणि सगळ्यांचा जन्म एक जूनला करून टाकला.
आईला विचारलं तर सांगायची,
गणपाची म्हैस विहिरीत पडली त्या साली तू.
म्हैस कोणत्या साली पडली, ते गणपालाही ठाऊक नव्हतं.
इथल्या बस डेपोत एकतीस वर्षं
दर एक जूनला माझ्यासाठी केक यायचा,
फिटर लोक टेबल वाजवून गायचे,
मी फुंकर मारायचो.
कुणाच्या मेणबत्त्या होत्या, कोण जाणे.

पाटी लावली. एक स्क्रू जुना, एक नवा.
थ्रॅपस्टनच्या रस्त्याला लागलो.
गोल चौकातून बाहेर पडताना मुठी सैल केल्या,
चाक आपसूक सरळ झालं.
मी काहीच बोललो नाही.
शालननं तोंडावर मफलर ओढून घेतला.

सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधल्या पोरानं
काच खाली केली, ओरडला,
कोणत्या सालची?

हिरवा पडला.
उत्तर शालनच देत होती, हात हलवून, बरंच लांबलचक,
इंजिनाच्या आवाजात
मला काही ऐकू आलं नाही.